वळकटी टेकायला जागा : सीमाभागातल्या शिष्यवृत्तीचा इतिहास

निपाणीचा विद्यार्थी देवचंद महाविद्यालयात तासाला जातो तेव्हा तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, तर निपाणीला लागूनच असलेले अर्जुननगर महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात. १९६० साली उभे राहिलेले हे महाविद्यालय जमिनीने कोल्हापूर जिल्ह्यात आहे, पण त्याचा पत्ता आजही 'व्हाया निपाणी' असाच लिहिला जातो. पायी जाता येईल एवढ्या अंतरात राज्य बदलते, शिक्षण मंडळ बदलते, विद्यापीठ बदलते आणि त्याबरोबर शिष्यवृत्तीचे नियमही बदलतात. परक्या मुलखात जाऊन शिकणे म्हणजे समुद्र ओलांडणे, अशी आपली कल्पना असते. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात मात्र घराबाहेर शिकायला जाणारा बहुतेक प्रत्येक विद्यार्थी कुठली ना कुठली सरहद्द ओलांडतच आला आहे. कधी ती इलाखा आणि संस्थान यांच्यामधली होती, कधी जातीची, कधी राज्याची. म्हणून बाहेर शिकणाऱ्या मुलाला नेमकी कोणती मदत लागते, हे या भागाच्या इतिहासात फार स्वच्छ दिसते. माझे म्हणणे असे, की या भागातल्या मुलांना विद्यापीठापर्यंत पोहोचवले ते रोख रकमेपेक्षा जास्त करून निवाऱ्याने आणि दोन वेळच्या जेवणाने. जिथे वळकटी टेकायला जागा मिळाली तिथे शिष्यवृत्ती फळली. जिथे ती मिळाली नाही तिथे मोठी रक्कमही अपुरी पडली.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. लष्करी ठाणे, न्यायकचेऱ्या, शाळा असे सगळे असलेले हे मोठे गाव होते, पण तिथे कॉलेज नव्हते. पहिले कॉलेज, लिंगराज, निघाले १९३३ साली. म्हणजे मॅट्रिकच्या पहिल्या परीक्षेनंतर पाऊणशे वर्षे बेळगावच्या मुलाला पदवीसाठी गाव सोडावेच लागत होते. आधी पुणे किंवा मुंबई, १८८० नंतर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, १९१७ नंतर धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि १९१९ नंतर सांगलीचे विलिंग्डन, असे त्याच्यासमोरचे पर्याय होते. बेळगावला निदान रेल्वे आली. निपाणीला ती आजही नाही. पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन निघालेल्या मुलापुढचा पहिला प्रश्न फीचा नसे. आज रात्री झोपायचे कुठे आणि उद्या जेवायचे कुठे, हा असे.

या प्रश्नाला त्या काळच्या समाजाने एक उत्तर शोधले होते : वार लावून जेवणे. गरीब विद्यार्थ्याने सात घरे धरायची, आठवड्याचा एकेक वार एकेका घरी. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी मास्तरांकडे, बुधवारी एखाद्या लांबच्या आत्याकडे. एखाद्या घरी सुतक आले किंवा माणसे गावाला गेली, की तो वार मोकळा पडे आणि त्या दिवशी चणे-कुरमुऱ्यांवर भागवावे लागे. वार जमले नाहीत तर माधुकरी मागायची. या प्रथेवर एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी मोठ्या माणसांचे शिक्षण झाले आणि तिच्यामागचा जिव्हाळा खोटा नव्हता. खरे तर ही शिष्यवृत्तीच होती. ती कोणत्याही सरकारी वहीत नोंदलेली नव्हती, स्वयंपाकघरातून दिली जात होती, एवढाच फरक. पण ती स्वयंपाकघरातून येत होती म्हणूनच तिचे दार जातीच्या उंबऱ्याशी बंद होत होते. पंक्तीला ज्याला बसता येत नाही त्याला वार मिळत नाही. चिकोडी तालुक्यातल्या मराठा कुणब्याच्या, जैन शेतकऱ्याच्या, मुसलमान कारागिराच्या किंवा महाराच्या मुलाला पुण्यात सात घरे कोण देणार? फी माफ झाली तरी तो मुलगा कॉलेजात टिकत नसे. कागदावर संधी सर्वांना होती. पान मात्र सर्वांसाठी वाढलेले नव्हते.

हे नेमके ओळखले राजर्षी शाहू महाराजांनी. १८९६ साली कोल्हापुरात राजाराम वसतिगृह सर्वांसाठी म्हणून निघाले, पण व्यवहारात ते एकाच जातीच्या विद्यार्थ्यांचे झाले. त्या अनुभवातून महाराज शिकले आणि १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. पुढच्या काही वर्षांत मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. महाराजांनी शिष्यवृत्त्याही दिल्या, नादारीही दिली, पण त्यांची कीर्ती टिकली ती बोर्डिंगांवर. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही. सीमाभागाच्या दृष्टीने याला आणखी एक महत्त्व आहे. आज बेळगाव जिल्ह्यात असलेला रायबागचा मुलूख तेव्हा कोल्हापूर संस्थानात होता. निपाणी ब्रिटिश हद्दीत होती, पण कोल्हापूर तिथून चाळीसेक किलोमीटरवर. उलट आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेले चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते. या भागातल्या मुलाच्या डोक्यात असलेला नकाशा सरकारी नकाशापेक्षा वेगळा होता. जिथे बोर्डिंग तिथे त्याची शाळा.

याच काळातली सगळ्यात प्रसिद्ध शिष्यवृत्ती म्हणजे सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना दिलेली. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोद्याची नोकरी करण्याचा करार. १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे त्यांना विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली मिळाली आणि नवल भथेना हा आयुष्यभराचा मित्रही मिळाला. आपल्या देशात जे पान त्यांच्यासाठी वाढले जात नव्हते ते परक्या शहरात वाढले गेले. पण १९१७ साली करार पाळण्यासाठी ते बडोद्याला आले तेव्हा काय झाले? मोठ्या पदव्या आणि मोठी नोकरी असलेल्या या माणसाला शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका बागेत झाडाखाली बसून दिवस काढल्यावर त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्या काळातली सर्वांत यशस्वी शिष्यवृत्ती एका खोलीपाशी येऊन अडली. रक्कम विद्या देऊ शकते, पण विद्या घेऊन राहायला जागा देऊ शकत नाही, याचा यापेक्षा कठोर पुरावा दुसरा नसेल.

आंबेडकरांनी पुढे काय केले ते या पार्श्वभूमीवर पाहावे. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांना नेता म्हणून पुढे आणले, आणि त्याच वर्षी महाराजांची व मित्रांची मदत घेऊन ते उरलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. परत आल्यावर १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. या सभेच्या पहिल्या ठळक कामांपैकी एक म्हणजे जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला सुरू केलेले विद्यार्थी वसतिगृह. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली निपाणीत भरली. तंबाखूच्या वखारींचे हे गाव त्या चळवळीच्या नकाशावर असे ठळक उमटले. पुढे १९२८ साली आंबेडकरांनी शिक्षणासाठी वेगळी संस्था स्थापन केली आणि सरकारी अनुदानावर जी वसतिगृहे सुरू झाली त्यांत धारवाडचे एक होते. निपाणी भागातले कार्यकर्ते बळवंतराव वराळे यांनी ते सांभाळले. स्वतः परदेशी शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाने आपल्या समाजासाठी आधी वसतिगृह उभारले, यात मला योगायोग दिसत नाही. शिष्यवृत्तीची त्यांना किंमत नव्हती असे मुळीच नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या शिष्यवृत्त्या त्यांनीच मिळवल्या. पण क्रम त्यांनी पक्का ओळखला होता : आधी छप्पर, मग रक्कम. धारवाडची गोष्ट आणखी एका कारणाने लक्षात ठेवावी. सीमाभागातली प्रत्येक वाट कोल्हापूर-पुण्याकडेच जात होती असे नाही. जिथे दार उघडे होते तिथे मुले गेली.

हा नियम फक्त आपल्या मातीतला नाही. सरकारी खर्चाने विद्यार्थी परदेशी पाठवण्याचा मोठा प्रयोग ज्या देशाने केला त्या जपानचा अनुभवही हेच सांगतो. १८७१ साली इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर जपानने अमेरिकेला जे विद्यार्थी पाठवले त्यांत पाच मुली होत्या. सर्वांत धाकटी त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची होती. ती वॉशिंग्टनजवळ लॅनमन नावाच्या दांपत्याच्या घरी अकरा वर्षे लेकीसारखी राहिली, शिकली आणि १८८२ मध्ये मायदेशी परतली. पुढे उच्च शिक्षणासाठी ती पुन्हा अमेरिकेला गेली, तेव्हा इतर जपानी मुलींना अमेरिकेत शिकता यावे म्हणून तिने तिथल्या मैत्रिणींच्या मदतीने शिष्यवृत्ती निधी उभारला, आणि १९०० साली टोकियोत मुलींचे विद्यालय काढले. त्याच १९०० साली जपान सरकारने नात्सुमे सोसेकी या इंग्रजीच्या शिक्षकाला वर्षाला १८०० येन देऊन लंडनला पाठवले. केंब्रिजचा खर्च झेपणार नाही म्हणून तो लंडनमध्ये राहिला, दोन वर्षांत पाच बिऱ्हाडे बदलली, एकटेपणाने खचला आणि तो काळ आपल्या आयुष्यातला फार क्लेशाचा होता असे त्याने पुढे लिहिले. तो महान कादंबरीकार झाला, पण त्या दोन वर्षांची किंमत त्याने मनाने मोजली. सरकार तेच होते, हेतू तोच होता. एकीला घर मिळाले आणि एकाला नुसती रक्कम.

आता पुन्हा आपल्या भागाकडे येऊ. १९३३ मध्ये लिंगराज, १९३९ मध्ये कायद्याचे आणि १९४५ मध्ये राणी पार्वतीदेवी महाविद्यालय निघाल्यावर बेळगावच्या मुलाला पदवी घरी राहून घेता येऊ लागली. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि बेळगावची कॉलेजे तिकडे गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सरहद्दीच्या वादाचा इतिहास इथे पुन्हा सांगायचे कारण नाही. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच, की काल ज्याला परगावी जाणे म्हणत त्याला आता परराज्यात जाणे म्हणू लागले आणि सवलती राज्याच्या हद्दीशी बांधल्या गेल्या. कोल्हापूरला शिकणारा निपाणीचा मुलगा महाराष्ट्राच्या लेखी बाहेरचा झाला आणि कर्नाटकाच्या लेखी बाहेर गेलेला. या कोंडीला १९६० साली निपाणीकरांनी दिलेले उत्तर म्हणजे अर्जुननगर. देवचंद शहा आणि जनता शिक्षण मंडळ यांनी कॉलेज गावाच्या वेशीपलीकडे नेले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आल्यावर ते त्याच्याशी जोडले गेले. मुलाला घर सोडावे लागू नये म्हणून विद्यापीठच घराच्या अंतरात आणून ठेवणे, ही मी या भागाने दिलेली सर्वांत शहाणी शिष्यवृत्ती मानतो. तिच्यात मुलाच्या हाती एक रुपयाही दिला गेला नाही. त्याची रात्रीची भाकरी मात्र त्याच्या आईच्या चुलीवरच राहिली.

महाराष्ट्राने पुढे ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला तिथल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळा वर्ग ठेवला. शिवाजी विद्यापीठानेही अलीकडे सीमाभागातल्या मुलांसाठी जागा आणि शुल्कात सवलत देऊ केली. ही पावले चांगली आहेत आणि त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे. पण अशा सवलतीचा अर्ज हातात घेऊन पाहा. गाव वादग्रस्त यादीत असल्याचा दाखला, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, दहावी-बारावी तिथेच झाल्याचा पुरावा. मुलगा कुठला हे ठरवण्यासाठी एवढे कागद लागतात. तो राहणार कुठे, हा रकाना मात्र त्यात नाही. प्रवेश मिळतो, फीत काही सूट मिळते आणि मग खानापूर तालुक्यातली मुलगी पुण्यात किंवा कोल्हापुरात खोली शोधत फिरते. खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च सवलतीपेक्षा जड झाला की ती मुकाट्याने परत फिरते, आणि कागदावर एवढेच दिसते, की राखीव जागा रिकामी राहिली.

यावर पहिला आक्षेप असा, की हे शिक्षण नाही, राजकारण आहे. हद्दीवर दावा सांगणारे राज्य त्या हद्दीतल्या मुलांना सवलत देते तेव्हा हेतूविषयी शंका येणारच. शंका रास्त आहे, पण इतिहास तिला उत्तर देतो. आंबेडकर बडोद्याचे रहिवासी नव्हते, तरी बडोद्याने त्यांना पाठवले. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानाबाहेर नाशिक-पुण्याच्या वसतिगृहांना हात दिला. शिक्षणाची मदत हद्दीबाहेर देणे ही या मुलखाची दावा-प्रतिदाव्याच्या आधीची रीत आहे. आणि आज ती एकतर्फीही नाही. कर्नाटकही जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज अशा तालुक्यांतल्या कन्नड भाषक विद्यार्थ्यांना गडिनाडू, म्हणजे सीमाभागातले, म्हणून आपल्या प्रवेशांत स्थान देते. दोन्ही राज्यांनी आपापल्या परीने एकच गोष्ट मान्य केली आहे, की रेघ नकाशावर कुठेही असली तरी मुलाच्या भाषेची वाट बंद होता कामा नये. हेतू राजकीय असेल तर त्याची कसोटीही सोपी आहे. दाखल्यावर थांबते ती घोषणा, आणि खोलीपर्यंत जाते ती मदत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. आता रस्ते उत्तम झाले, निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर आले, मग वसतिगृह कशाला? मुलाने पास काढावा आणि ये-जा करावी. निपाणीपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे, पण बेळगाव आणि खानापूरसाठी नाही. बेळगाव ते कोल्हापूर हे अंतरच शंभरावर किलोमीटर आहे. शिवाय या रस्त्याला एक जुने दुखणे आहे. सीमाप्रश्न तापला की पहिली थांबते ती एसटी. ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि एसटी महामंडळाला कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवाव्या लागल्या. ज्याचे शिक्षण रोजच्या बसवर अवलंबून आहे त्याचे शिक्षण अशा प्रत्येक भडक्याशी बांधलेले राहते. विद्यापीठाच्या आवारात ज्याची खाट आहे तो दुसऱ्या दिवशी तासाला बसतो.

तिसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे आणि तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. २०१० पासून बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा सगळे जिल्ह्यात आहे. मुलांना बाहेर का ओढायचे? बाहेर गेलेली मुले परत येत नाहीत आणि सीमाभाग शिकलेल्या माणसांना मुकतो. पहिल्या भागाला उत्तर असे, की कोणी ओढू नये. ज्याला बेळगावात शिकायचे त्याने तिथेच शिकावे, कन्नडही उत्तम शिकावी. त्यात कमीपणा काही नाही, फायदाच आहे. पण निवड त्याची असावी, आणि खोली न मिळाल्यामुळे झालेल्या निर्णयाला निवड म्हणता येत नाही. दुसऱ्या भागाला उत्तर इतिहासात आहे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांच्या नावाने सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू केले. रक्कम घेऊन गेलेला माणूस कदाचित एकटाच वर जातो. वसतिगृहात वाढलेला माणूस मागून येणाऱ्याला खाट लागते हे विसरत नाही, कारण शेजारच्या खाटेवर कोण होते ते त्याला आठवते.

एक शंका अजून उरते. वेगळी वसतिगृहे काढली की मुले वेगळी पडतात. शाहू महाराजांची जातवार बोर्डिंगे त्या काळाची गरज होती, पण त्यांनी जातीच्या भिंती जपल्या असेही म्हणता येईल. हा आक्षेप मी मान्य करतो आणि म्हणूनच सीमाभागाच्या नावाची वेगळी इमारत मी मागत नाही. भाऊरावांनी दाखवलेली वाट पुढची होती : एकत्र राहणे, एकत्र राबणे, एका पंक्तीला जेवणे. शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी 'कमवा आणि शिका' योजनेतून हीच रीत विद्यापीठात आणली. जी मदत द्यायची ती या सामाईक छपराखाली द्यावी.

म्हणून मागणी साधी आहे. महाराष्ट्राने आणि त्याच्या विद्यापीठांनी सीमाभागातल्या विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याच पत्रात वसतिगृहाची खाट आणि मेसची सोयही द्यावी. कर्नाटकाने जत-अक्कलकोटच्या मुलांसाठी धारवाड-बेळगावात हेच करावे. ज्या निपाणीकरांनी, बेळगावकरांनी, चंदगडकरांनी पुण्या-मुंबईत घरे केली आणि मंडळे काढली, त्यांनी दरवर्षीच्या गुणगौरव समारंभातल्या शालींचा आणि सन्मानचिन्हांचा खर्च एकत्र करून गावाकडच्या पाच मुलांच्या राहण्याची हमी घ्यावी. सरहद्द कुठे असावी हे न्यायालय ठरवील तेव्हा ठरवील. पुढच्या जूनमध्ये निघणाऱ्या मुलीची वळकटी कुठे टेकायची, हे ठरवायला कुणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.